संदर्भ तेवढे नीट लाव

सरांनी बोट जिभेला लावलं आणि संदर्भसूचीचं पान उलटलं. पानाच्या कोपऱ्यावर ओला ठसा उमटला. तिने तिकडे न बघायचं ठरवलं आणि नेमकं तिकडेच बघितलं.

"हे काय आहे?" सर म्हणाले. "आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, मग टिंब. तू टिंब खाल्लंस. आणि नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत हवं, लेखाचं सरळ. तू बरोब्बर उलटं केलंयस."

"शैलीची फाइल जुनी होती, सर. नवी घातली की सगळे संदर्भ एकदम सुधारतील."

"मग घाल ना. अगं, संपादक आधी शेवटचं पान बघतो. तिथे घाण दिसली की आतही घाणच असणार, असं धरून चालतो." पुन्हा बोट, पुन्हा जीभ, पुन्हा पान. "आणि माझे दोनच पेपर? तो दम्यावरचा घाल, लहान मुलांचा."

"आपला विषय बेडसोरचा आहे, सर."

"रुग्ण आहे, पलंग आहे, श्वास आहे. संबंध लावता येतो. तू संदर्भ तेवढे नीट लाव, बाकी माझ्यावर सोड."

कागद परत घेताना तिने ते कोरड्या कडेला चिमटीत धरले.

ती फिजिओथेरपिस्ट होती. तीन वर्षं सरांच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम करत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना ज्या जखमा होतात, त्या हवेच्या नव्या गादीने टळतात का, हे तपासायचं होतं. गाद्या बनवणाऱ्या कंपनीने गाद्या फुकट दिल्या होत्या; रुग्ण घरी गेला की गादीही सोबत जाई. निम्मे रुग्ण त्या गादीवर, निम्मे साध्या गादीवर. साध्या गादीवरच्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हवेच्या गादीवरच्यांना वळवलं नाही तरी चालेल, अशी आखणी होती. जखमा मोजायचं काम तिचं. वॉर्डात आणि डिस्चार्जनंतर घरोघरी जाऊन तिने जखमांची लांबी, रुंदी, खोली मोजली होती. पू वाहत असे, कधी आत हाड दिसत असे. घरची माणसं नाकाला पदर लावून दारात थांबत. तिला कधी किळस आली नाही. जखम ही जखम असते. तिला वास येतो, कारण ती खोटं बोलत नाही, असं ती तेव्हा म्हणायची, आणि मैत्रिणी तिला वेडी म्हणायच्या.

विद्यार्थी सरांना त्यांच्या माघारी 'पूर्णविराम' म्हणत. पण सरांना खरा अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांच्या विभागातला पेपर हाताने लिहिला जात नसे. मजकूर, नोंदी आणि गणित एकाच ठिकाणी गुंफलेलं असे. एक कळ दाबली की संगणक मूळ नोंदी वाचून आकडेमोड करी, तक्ते मांडी, वाक्यांतले आकडे भरी आणि शेवटी संदर्भांची यादीही ठरलेल्या शैलीत रचून देई. जगात कुणीही, कुठेही ती कळ दाबावी, तोच पेपर हातात पडायचा. परिषदेत सर हे सांगायला उभे राहिले की त्यांचा आवाज भरून येई.

जागेवर येऊन तिने शैलीची नवी फाइल घातली, सरांनी सकाळी पाठवलेली 'शुद्ध केलेली' नोंदींची फाइल जोडली आणि कळ दाबली. टिंबं, स्वल्पविराम, तिरपी अक्षरं, सगळं जिथल्या तिथे आलं. दम्याचा पेपरही निमूटपणे यादीत जाऊन बसला. यादी इतकी सुबक दिसत होती, की तिला क्षणभर बरं वाटलं. मग ती वर, पहिल्या तक्त्याकडे गेली.

हवेच्या गादीच्या गटात माणसं कमी होती. तिने दोन्ही फाइली शेजारीशेजारी उघडल्या. अकरा ओळी गायब. त्या ओळींत नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, पण तिला क्रमांकांची गरज नव्हती. कंबरेच्या खाली मुठीएवढा खड्डा पडलेली निवृत्त शिक्षिका. दोन्ही टाचा काळ्या पडलेला ट्रकचालक. चौकातले टेलर मास्तर. ज्यांच्या जखमा सगळ्यात वाईट चिघळल्या, ते अकराच्या अकरा.

ती उठून सरांच्या खोलीत गेली.

"सर, गादीच्या गटातली अकरा माणसं नाहीत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाठपुरावा अपूर्ण होता त्यांचा."

"अपूर्ण नव्हता. मी स्वतः गेले होते."

"घरी नीट काळजी घेतली जात नव्हती, असं मग नोंदव. कारण काहीही असो, नियमात बसणारं हवं." ते हसले. "मला सांग, कळ पुन्हा दाबलीस तर काय येईल?"

"तेच."

"शंभर वेळा दाबलीस तर?"

"तेच येईल, सर."

"झालं तर. पडताळणीला आणखी काय लागतं?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून, जेवण झाल्यावर पुसावीत तशी. तिला किळस आली. ती बाहेर पडली आणि बेसिनवर जाऊन उगाचच हात धूत राहिली.

घरी जाताना चौकात कुणीतरी हाक मारली. टेलर मास्तरांची मुलगी दुकानाच्या दारात उभी होती, गळ्यात मोजपट्टी, दातांत टाचणी. वडील गेल्यावर दुकान आता तीच बघत होती. टाचणी काढून तिने बाहीला खोचली.

"ताई, किती दिवसांनी! या ना. तुमचं ते छापून आलं का?"

"अजून नाही. चाललंय काम."

"बाबांचं लिहिलंय ना त्यात?"

तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मुलीला वाटलं, प्रश्न नीट कळला नाही.

"म्हणजे नाव नको हो. नुसतं झालं ते. आम्ही गादीच्या भरवशावर राहिलो ना. गादी आहे, वळवायची गरज नाही, म्हणून निर्धास्त. मी तर बाहेर बसून कपडे शिवत होते. आतल्या खोलीत ते पडलेले असायचे आणि मला वाटायचं, किती शांत झोपलेत." तिने मोजपट्टी गळ्यातून काढली आणि बोटाभोवती गुंडाळू लागली. "उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी ती गादी जाईल. त्यांना कळलं पाहिजे ना, ताई. तुम्ही एवढं वाकून वाकून मोजायचात, मी टॉर्च धरायचे, माझा हात कापायचा, तुमचा नाही कापायचा. तेव्हाच मी म्हटलं होतं आईला, की हे कुठेतरी कामी येईल."

"लिहिलंय," ती म्हणाली. "हो. लिहिलंय."

मुलीचा चेहरा निवळला. मुलीने तिला आत बोलावलं, पाणी घ्या म्हणाली. उशीर झाल्याचं सांगून ती पुढे झाली. कोपरा वळल्यावर एका भिंतीला हात टेकून ती थांबली. दिवसभर ज्या घाणीपासून ती पदर सावरत होती, ती आता तिच्या स्वतःच्या तोंडात होती.

नवऱ्याने पान वाढलं. तिने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. तो शाळेत गणित शिकवायचा. तिचं सगळं त्याने ऐकून घेतलं.

"पूर्णविराम तरी खरे आहेत ना?" तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही.

"बरं, चेष्टा पुरे. तुझं नाव दुसरं आहे ना? पहिलं त्यांचं. बोंब झाली तर त्यांच्या नावाने होईल. तीन वर्षं घातलीस, अजून एक वर्ष राहिलंय. डोळे मिटून गिळून टाक."

"तेच तर घशाखाली उतरत नाहीये."

"मग भांड त्यांच्याशी."

"भांडून काय होणार? ते चिडतसुद्धा नाहीत रे. रुमालाने बोटं पुसतात."

तो उठला, तिचं ताट झाकून ठेवलं. "माझ्या वर्गात पोरं उत्तर आधी लिहितात आणि मग वर गणित जुळवतात," तो म्हणाला. "मी शून्य देतो. पण माझं काय, मला कोण विचारतं."

सकाळी विभागात कुणी यायच्या आत ती जागेवर बसली. जुनी फाइल उघडली, तीच जी तिने घरोघर हिंडून भरली होती. 'शुद्ध केलेली' काढून तिच्या जागी ही जोडली आणि कळ दाबली. पेपर ओळीओळीने नव्याने उभा राहिला. वाक्यांतले आकडे आपापल्या जागी बदलले. हवेच्या गादीचा फायदा नाहीसा झाला होता. उलट न वळवलेल्या माणसांच्या जखमा जास्त खोल होत्या. निष्कर्ष मात्र संगणक लिहीत नाही. तो तिने खोडून स्वतः लिहिला, साध्या चार वाक्यांत. गादी असो वा नसो, माणसाला वळवावं लागतं. दम्याचा पेपर यादीतून काढला. मग सरांना पाठवताना वर लिहिलं: 'सर्व नोंदींवरून पुन्हा चालवला आहे. अकरा रुग्ण परत घेतले आहेत. पहिला तक्ता आणि निष्कर्ष बदलले आहेत, कृपया पाहावे. अन्यथा माझे नाव काढावे.'

शेवटचं वाक्य तिने दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

सकाळ गेली. सरांच्या खोलीचं दार बंदच. शिपाई चहा आत घेऊन गेला आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर आला. आता बोलावतील, आता बोलावतील, म्हणून तिने मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. कंपनीचं नाव काढतील तर काय म्हणायचं, तीन वर्षांचं काढतील तर काय म्हणायचं. दुपारी पेपर परत आला. सोबत एक अक्षर नव्हतं.

तिने तो वरून खाली वाचला. तक्ता तसाच होता. निष्कर्ष तसाच. यादीला हात लावलेला नव्हता. बदल एकच होता आणि तो पहिल्याच ओळीत होता. लेखकांच्या नावांत एक नाव लाल रेघेने खोडलेलं होतं, आणि ते तिचं नव्हतं.

ती दार ढकलून आत गेली. सर दुसऱ्या कुणाचा तरी पेपर वाचत होते.

"सर, तुमचं नाव..."

"काढलंय."

"आकडे खरे आहेत, सर."

"माहितेय मला." त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या मोजण्यात मला तीन वर्षांत एक चूक सापडलेली नाही. पाठव तो."

"मग तुमचं नाव का नको?"

सरांनी बोट उचललं, ते जिभेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी कोरड्या हातानेच पान उलटलं. "पुढच्या वर्षी निवृत्त होतोय मी," ते म्हणाले. "कंपनीचे लोक येतील, वकील येतील. पेपरवर पत्रव्यवहाराचा पत्ता तुझा दे. प्रश्न विचारायला ते तुझ्याकडे येतील, माझ्याकडे नाही."

कालची किळस येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली. आली, पण ती कुठे ठेवावी ते कळेना. समोर डोक्यावर विरळ केस असलेला एक म्हातारा माणूस खाली मान घालून बसला होता.

"दार लावून घे जाताना," तो म्हणाला.

ती जागेवर परतली. एकटीच्या नावाचा पेपर तिने आजवर लिहिला नव्हता. शैलीचे नियम उघडले. लेखक एकच असेल तर मजकुरात 'आम्ही' चालत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. तिने शोध घेतला; पानापानावर 'आम्ही' होतं. आम्ही निवड केली. आम्ही भेटी दिल्या. आम्ही मोजले.

पहिलं खोडून तिने 'मी' लिहिलं. वाक्य वाचून बघितलं. उद्धट वाटत होतं, आणि उघडं. कुणीतरी भर सभेत एकटंच उभं राहिल्यासारखं. तिचा हात कळीवर थोडा कापला.

तिने ते तसंच ठेवलं आणि पुढच्या 'आम्ही'कडे गेली.