प्रत्येक पत्र दोनदा

"बघ, पुन्हा दोनदा!" डोळ्यावरचं भिंग न काढताच अण्णा ओरडले.

लेकीने चहा तसाच ठेवला आणि ती दुकानातल्या संगणकापुढे येऊन बसली. जुन्या स्प्रिंगला कुठलं तेल द्यावं, असं कुणीतरी विचारलं होतं. अण्णांच्या ईमेलच्या पेटीत तो प्रश्न एकाखाली एक दोनदा आला होता. तिच्या स्वतःच्या पेटीत मात्र एकदाच.

गावोगावच्या घड्याळजींची ही ईमेल यादी अण्णांनी सुरू केली होती. एका पत्त्यावर पत्र टाकलं की सगळ्यांना पोचायचं. चिमट्यावर स्थिर राहणारी अण्णांची बोटं कळफलकावर अडखळायची, म्हणून कारभार लेकीकडे आला, आणि नेमकी तिच्याच हातात यादीची ही दशा झाली: आठवडाभर कितीतरी जण प्रत्येक पत्र दोनदा येतंय म्हणून तक्रार करत होते. रविवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर यादी बंद, असं मंडळींनी कळवूनही टाकलं. वडिलांनी उभं केलेलं आपण बुडवणार, या विचाराने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

एकही पत्ता दोनदा नोंदलेला नव्हता. दोन्ही प्रती पाठवा म्हणून तिने विनवलं, तर एकजात सगळ्यांनी म्हणे त्या पुसून टाकल्या होत्या.

"अण्णा, तुमच्या दोन्ही प्रती उघडून बघू?"

"बघ. पण फार खोलात शिरू नकोस."

ती खोलातच शिरली. पत्र कुठून कुठून फिरून आलं, याच्या ओळी प्रत्येक ईमेलच्या पोटात असतात. पहिली प्रत सरळ आली होती. दुसरी वाटेत आणखी एका यादीतून गेली होती, आणि ती यादी होती भागीदारकाकांची.

ती उडालीच. काका अण्णांचे एकेकाळचे भागीदार. सेलवरची घड्याळं दुरुस्तीला घ्यायची की नाही, यावरून दोघांचं फाटलं. "मी खेळणी दुरुस्त करायला बसलेलो नाही," असं अण्णा म्हणाले आणि काकांनी पलीकडच्या गल्लीत वेगळी चूल मांडली. त्यांनी वेगळी यादीही काढली, हे मात्र कुणी चुकूनही बोललं नव्हतं.

तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"काका, तुमची यादी आमची पत्रं पुढे पाठवतेय."

"माझ्या यादीचा पत्ता मीच गेल्या आठवड्यात तुमच्या यादीत घुसवला गं," काका म्हणाले. "म्हटलं, माझ्या चार माणसांनाही मिळेल वाचायला."

"कोण चार माणसं?"

काका नावं सांगू लागले. तक्रार करणारा प्रत्येक जण त्यात होता. वर्षानुवर्षं दोन्ही डगरींवर हात ठेवून बसले होते लेकाचे! ज्याचं नाव दोन्हीकडे, त्यालाच पत्र दोनदा. तिचं नाव एकीकडेच, म्हणून तिला एकदाच.

"सापडलं!" तिने टेबलावर थाप मारली. भिंतीवरची दोन घड्याळं हलली.

मग तिचं लक्ष समोरच्या पेटीकडे गेलं. ती हळूच वळली.

"अण्णा, तुम्हालाही दोनदा येतंय."

चिमट्यात धरलेला स्क्रू अण्णा टेबलावर शोधू लागले.

"गिऱ्हाइकं सेलवरचीच घड्याळं आणतात हल्ली," ते पुटपुटले. "त्याला कळतं त्यातलं. त्याच्या यादीत वेगळ्या पत्त्याने विचारतो मी. त्या पत्त्यावरची पत्रंही याच पेटीत उतरतात."

"कुठल्या नावाने?"

"नवशिक्या."

"काय?" टेबलावरचा फोन कडाडला. "तो नवशिक्या तू आहेस? अरे, तुला सर्किट समजावता समजावता माझे केस पिकले!"

लेक इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याच्या भरातच तिने विचारलं, "दोन्ही याद्या एक करू?" कुणीच नाही म्हटलं नाही.

रविवारी पहिलं पत्र गेलं ते अण्णांचं, स्वतःच्या नावाने: सेल नवा घातला तरी सेकंदकाटा जागच्या जागी थरथरतो, काय करावं? "मिळालं, एकदाच!" अशी उत्तरं धडाधड येऊ लागली आणि लेक प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचून दाखवू लागली. काकांचं तेवढं उत्तर आलं नाही.

दुपारी दुकानाचं दार ढकलून ते स्वतःच आत आले, आणि टेबलापाशी बसत म्हणाले, "दाखव तुझं खेळणं."