उपास कसला?

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात सकाळपासून बर्फ पडत होतं. आसावरी फार्मसीतून लवकर सुटून आली, घट मांडला, केशरी शिरा केला, आरती केली. हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी आल्या त्या सरलामावशी, लेक अनन्याला घेऊन. अनन्याचं लग्न तोंडावर आलेलं.

कुंकू लावून घेतलं तोच मावशींनी पर्समधून एक कुपी काढली. आसावरीने ती लांबूनच ओळखली. वजन उतरवायचं औषध. डॉक्टर ज्याचं नाव लिहील त्याच्याचपुरतं ती फार्मसीत मिसळून द्यायची. पण आपल्या बायकांत कुपी विरजणासारखी या घरातून त्या घरात जाई.

"माझ्याच नावाची आहे गं. अनन्यासाठी सिरिंज तेवढी भरून दे. मुलाकडचे म्हणतायत, फोटोत जरा बारीक दिसू दे."

"मावशी, आश्लेषाला विसरलात?"

"तिच्या आईने डोस चुकवला बाई! तसं नको म्हणून तर तुझ्याकडे आले. तुझ्या हाताला गुण आहे."

हाताला गुण! आश्लेषाला टोचलेलं औषधही याच हातांनी मिसळलेलं, भलत्याच कुणाच्या नावाच्या चिठ्ठीवर. गेल्या वर्षी याच गुरुवारी ती पोर याच सोफ्यावर बसली होती, पांढरीफटक. शिऱ्याची वाटी पुढे केली तर म्हणाली, "नको काकू, माझा उपास आहे." केवढं कौतुक झालं! अमेरिकेत वाढलेली पोर व्रत करते! गुरुवारचा उपास त्याच नैवेद्याने सुटतो, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. विचारलं एकीनेही नाही. पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. संक्रांत काही तिने पाहिली नाही.

तेव्हापासून आसावरीने नैवेद्याची वाटी उचलली, की सोफ्याच्या त्या कोपऱ्यात कुणीतरी बसल्याचा तिला भास होई.

आज तिथे अनन्या बसली होती.

"घे बाळ, प्रसाद."

"नो थँक्स, काकू. आय ॲम फास्टिंग."

मावशी कौतुकाने हसल्या. आसावरी वाटी खाली ठेवून अनन्याशेजारी बसली.

"उपास कसला, अनन्या?"

अनन्याने आईकडे पाहिलं. ओठ कोरडे, फुटलेले.

"मम्मीने ऑलरेडी एक इंजेक्शन दिलंय. आय कान्ट कीप एनीथिंग डाउन. इव्हन वॉटर."

"अंदाजानेच दिलं गं," मावशी पुटपुटल्या. "त्या सिरिंजवरच्या खुणा मला मेलीला कळतात कुठे?"

आसावरीने कुपी उचलली, कोट चढवला, अनन्याला दंडाला धरून उठवलं. "चल. इमर्जन्सीत."

"आत्ता? अगं, बायका यायच्यात! मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडेल!"

"मोडू दे मावशी. पोरगी राहू दे."

"आणि तुझी पूजा? घट एकटा टाकून जाणार?"

आसावरीने घटाकडे पाहून हात जोडले. जन्मात पहिल्यांदाच ती पूजा अर्धी सोडून उठत होती.

"देवी थांबेल. गेल्या वर्षी तिने आपल्याला नुसतं कौतुक करताना पाहिलंय."

अनन्या त्या रात्री सलाइनवर जगली. आसावरी अजून गुरुवार करते. पण प्रसाद नाकारणाऱ्या मुलीचं कौतुक करत नाही, शेजारी बसून विचारते.

तुमच्याही घरी येत्या गुरुवारी एखादी लग्नाळू मुलगी ताट बाजूला सारेल. तिला कुणी विचारेल का?