सशानं बुडवलं

मित्रांनो, मी फ्रान्सची एक जुनी युद्धनौका आहे, विनाशिका जातीची. नाव मोठं भयंकर, पण खरं सांगते, मी कुणाचाच विनाश केला नाही. झाला तो माझाच.

पहिलं महायुद्ध संपल्यावर लोरियाँच्या गोदीत मला बांधलं. ग्वेनोले पहिल्या दिवसापासून माझे बॉयलर सांभाळायचा. तळात थेंबभर पाणी झिरपलं तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. "बाईला सर्दी होईल रे!" म्हणत तो हातानंच पुसून काढायचा.

एकदा डोंगराकडचा नवा आचारी ओनोरा ओरडला, "या रे, ससा झकास शिजलाय!" सगळ्यांचे घास हातात राहिले. ग्वेनोलेनं पातेलं उचललं आणि थेट समुद्रात भिरकावलं.

"मेल्या, जहाजावर त्याचं नाव घेतोस? दोर कुरतडून जहाजं बुडवणारी जात ती! लांबकान्या म्हणावं, लांबकान्या!"

त्या दिवशी सगळे कोरडा पाव चावत बसले, पण हसले पोटभर. किती सुखाचे दिवस होते ते!

मग दुसरं युद्ध आलं. देश हरला. मला तुलाँ बंदरात बांधून ठेवलं. अंगावर शेवाळ चढलं. ग्वेनोले मात्र समुद्राचं पाणी अडवणाऱ्या तळातल्या झडपांना रोज वंगण द्यायचा. "उद्या निघू हं, बाई." मला ते खरंच वाटायचं.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे जर्मन रणगाडे बंदरात घुसले. जहाजं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून आमच्याच लोकांना हुकूम आला: बुडवा.

"दुसऱ्या कुणाला सांगा, साहेब. माझ्या हातानं नाही व्हायचं," ग्वेनोले म्हणाला.

"तुझ्याशिवाय कोण आहे रे तिचं?" कप्तान म्हणाला.

ग्वेनोले तळात आला. ओनोरानं कंदील धरला. ग्वेनोलेनं झडपेच्या चाकावर हात ठेवला. आणि एकाएकी तो ओरडला, "ससा! ससा! ससा!"

"अहो काका, काय बोलताय हे!"

"बोलू दे. त्या शब्दानं बुडवलं तिला. मी नाही रे, मी नाही!"

त्यानं चाक फिरवलं. रोजच्या वंगणामुळे झडप कुरकुरलीसुद्धा नाही. पाणी आत आलं, तसा तो खाली बसून ते हातानं पुसू लागला. ओनोरानं त्याला ओढतच वर नेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्या जपणाऱ्या माणसांनाही जपा. मी इथे गाळात पडून आहे, माझं काही नाही. वर कधी ग्वेनोले भेटला, तर त्याचा हात हातात घ्या आणि एवढंच सांगा: बाई म्हणते, सशानंच बुडवलं.