कोपऱ्यातला ठिपका

पात्याला वजनच नव्हतं. तळहातावर ठेवलं तरी ठेवल्यासारखं वाटेना — कापलेल्या नखासारखं वाकडं, राखाडी — आणि असल्या इवल्या पात्यांवर म्हणे अख्खा कॅमेरा आभाळात तरंगतो. तिनं ते उजेडाकडे धरलं, डोळा बारीक केला, कडेला कुठे टवका गेलाय का पाहिलं... सगळा जन्म फोटो स्टुडिओत दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरचे डाग भरण्यात गेला. हाती येईल ती वस्तू उजेडाकडे धरायची खोड काही जात नव्हती.

“जास्तीची पाती दोन्ही ड्रोनबरोबर मिळतात, काकू,” दुकानदार म्हणाला. “शिकताना तुटायचीच. नातवाला ना?”

“नाही, आमच्या ह्यांना.”

दुकानदारानं भुवया वर केल्या आणि शहाण्यासारख्या परत खाली आणल्या.

काउंटरवर दोन खोकी. एक स्वस्तातलं, हलकं, वाऱ्याला भिणारं. दुसरं नवशिक्यांसाठीच, पण महाग, वारा सुटला तरी हवेत पाय रोवून उभं राहणारं. सकाळपासून दुकानं पालथी घालून पाय भरून आले होते. दुकानदार बॅटरीचं सांगत होता, उंचीचं सांगत होता, आणि ऐकता ऐकता तिला वाटलं, हे दमणं आजचं नव्हेच — स्टुडिओच्या जिन्याखालच्या, फोटो धुवायच्या त्या अंधाऱ्या खोलीत कधीतरी पाठीत शिरलं, ते तिथंच बिऱ्हाड करून राहिलंय.

“ह्या स्वस्तातल्यात... खाली उभं असलेलं माणूस कळेल?”

“माणूस आहे एवढं कळेल. कोण आहे ते नाही कळायचं.”

कोण आहे ते नाही कळायचं... तेव्हा तरी कुठे कळलं होतं? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवरा नवा कॅमेरा गळ्यात अडकवून पाण्याच्या टाकीवर चढला होता — तेव्हा गुडघे शाबूत होते, डोळे शाबूत होते — आणि वरून सगळी वस्ती टिपून आला होता. फोटो धुऊन तिच्या टेबलावर आला. छपरं, गल्ल्या, आणि अगदी कोपऱ्यात, स्टुडिओच्या मागच्या अंगणात, एक पांढरा ठिपका. निगेटिव्हवरची धूळ अशीच पांढरी उमटते. तिनं ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं, श्वास धरला, राखाडी रंगाचा कण अलगद टेकवला — ठिपका गेला, अंगण सपाट झालं. संध्याकाळी फोटो हातात घेऊन तो म्हणाला, “आणि तू कुठं गेलीस गं?” पांढरा एप्रन घालून, मान वर करून, त्याला हात करत उभी असलेली ती... मीच की ती! मीच मला भरून टाकलं, आणि वर काम बेमालूम झालं म्हणून मान डोलावली. दुसरी प्रत काढू काढू म्हणता राहिलं, आणि निगेटिव्ह बुरशीनं खाल्ली. “आमच्या हिचा हात इतका साफ, की स्वतःलाही सोडलं नाही,” असं पाहुण्यांना सांगून तो आयुष्यभर हसत आला. तीही हसायची — प्रत्येक वेळी, थोडी उशिरा.

पर्समधला फोन वाजला.

“घेतलंस का विमान?”

“विमान नाही हो ते. दोन दाखवलीयत. महागातलं घेतलं तर तोंडसुद्धा दिसेल.”

“कुणाला?”

त्याच्या नजरेच्या मधोमध आता डाग होता. डॉक्टर म्हणाले होते, हा वाढतच जाणार, जे बघायचं ते बघून घ्या. त्याला टाकीवरून काढलेला तो फोटो पुन्हा एकदा काढायचा होता. तो तिच्याशी बोलायचा तेव्हा तिच्या कानाकडे बघायचा — म्हणजे चेहरा कडेला येतो आणि थोडाफार नजरेला लागतो. हा ठिपका कुठल्या ब्रशनं भरायचा?

“स्वस्तातलं घे,” तो म्हणाला. “पहिलं आपटणारच. आणि उभी राहशील ती तशीच, कोपऱ्यात. मधे आलीस की गेलीस माझ्या डागात.”

“घालाल ते कुणाच्या तरी भिंतीत.”

“तू सांगशील तिकडे वळवीन. तेवढी सवय आहे.”

फोन ठेवल्यावरही तिचा हात त्या महागड्या खोक्यावरच होता. सकाळपासून ती चेहऱ्यासाठी वणवण करत होती, हे तिला आत्ता कळलं. त्याला दिसावा म्हणून? का कुठेतरी एकदा उमटून राहावा म्हणून...

दुकानामागच्या मोकळ्या जागेत दुकानदारानं स्वस्तातलं उडवून दाखवलं. डासासारखं गुणगुणत ते वर गेलं. पडदा त्यानं तिच्या हातात दिला. चित्र थरथरत होतं: फरशी, उभ्या स्कूटर, भिंत, आणि मधोमध एक ठिपका. विचार करायच्या आत तिचं बोट ओठांशी गेलं, ओलं झालं, पडद्याकडे आलं — आणि पडद्यावरच्या ठिपक्याच्याही कडेला काहीतरी हललं: तिचाच हात.

बोट तसंच राहिलं. मग ती सावकाश भिंतीकडे चालत गेली. ठिपका चित्राच्या कोपऱ्यात सरकला.

“काकू, मधे या ना. नीट दिसाल.”

“राहू दे. इथंच ठीक आहे.”

तिनं वर पाहिलं. ऊन डोळ्यांत घुसलं. त्या दिवशी अंगणात आपण हसत होतो का? टाकीवरून त्याला ते दिसलं नसणार, आणि तिच्या लक्षात नव्हतं; म्हणजे ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. पाय दुखत होते. तिनं हात वर केला, आणि तो खाली घ्यायचं तिला सुचेना.