वायरमनची मुलगी

"पंखे काय झाडाला लागतात?" शिडी धरून वहिनी पुटपुटली. मी दारात चपला काढत होते. मला ऐकू जावं इतपतच बारीक आवाजात.

शिडीवर दादा. माझा थोरला भाऊ, अख्ख्या वस्तीचा वायरमन. ठकीच्या खोलीतला पंखा त्याने पुन्हा खोलला होता. ठकी, माझी भाची, पलंगाच्या कोपऱ्यात कानात कापूस कोंबून बसलेली. परीक्षा सोडली, केस विंचरणं सोडलं. पंख्यातून एक माणूस बोलतो, मला नावं ठेवतो, असं ती हिवाळ्यापासून सांगत होती.

आणि हे तिचे वडील. आवाज म्हटला की याचा हात पान्याकडे. आधी बेअरिंग बदललं, मग कंडेन्सर, मग पंखाच नवा आणला. तेवढ्यानं भागेना म्हणून भिंतीतली वायर ओढून काढली. दर वेळी खाली उतरून पोरीला म्हणायचं, "गेला बघ आवाज." म्हणजे होता, असंच ना? लोकांच्या घरी टेस्टर लावल्याशिवाय स्क्रूला हात न लावणारा माणूस, स्वतःच्या घरात नसलेला फॉल्ट दुरुस्त करत बसला होता.

"दादा, खाली ये."

"थांब गं. यातच आहे काहीतरी."

"यात काही नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

"वन्सं, ताण आहे हो तिला," वहिनी मध्ये पडली. "होईल बरी."

शेजारपाजारी तिने टायफॉइड सांगून ठेवला होता. टायफॉइड चालतो. टायफॉइडला लोक फळं घेऊन येतात.

ठकीने कानातला कापूस काढला. "आत्या, बाबांनी सगळं खोललं. तरी तो बोलतोय. आता म्हणतो, बाबा त्यालाच सामील आहेत." तिने बापाकडे पाहिलं नाही. "मी कालपासून बाबांच्या हातचं पाणी पीत नाही."

दादा शिडीच्या पायरीवरच बसला. पाना हातात तसाच.

मी तिच्याजवळ जाऊन टेकले. "तो बोलतो तेव्हा भीती वाटते?"

"खूप."

"मग त्या भीतीवर औषध देणारे डॉक्टर आहेत. मी येते बरोबर. आत बस म्हणालीस तर आतही बसेन."

बराच वेळ ती नखं कुरतडत राहिली. "बाबा रिक्षात पुढे बसतील," शेवटी म्हणाली. "मी मागे. तुझ्याजवळ."

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत एक बाई होत्या. "काय होतंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"झोप लागत नाही," वहिनी.

"जरा अशक्तपणा आहे," दादा.

"मग जनरल ओपीडी. डावीकडे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मागच्याच महिन्यात हे दोघं ठकीला घेऊन, अशक्तपणा सांगून त्याच डावीकडे गेले होते. तिथल्या डॉक्टरने टॉनिक लिहून दिलं, वर मोबाईल कमी बघण्याचा उपदेश फुकट. हे खोटं बोलले ते बोलले, पण त्या शिकल्यासवरल्या माणसाला एक प्रश्न जास्तीचा विचारायला काय धाड भरली होती? बाटली संपली, पोर होती तिथेच.

ठकी बाकावरून उठली. "तो म्हणालाच होता, इथे कोणी खरं सांगणार नाही," म्हणाली आणि दाराकडे निघाली. एकदा गेली असती तर पुन्हा आली नसती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी तिचा हात धरला नाही. नुसती बरोबर चालू लागले.

मागे दादाचा आवाज आला. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतका मोठा.

"बाई, अशक्तपणा नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचंय. माझ्या मुलीला आवाज ऐकू येतात. आम्हाला कोणालाच येत नाहीत. मला तो आवाज एकदाही ऐकू आला नाही."