कळीचा वास

मोसम संपला, असं आमच्या बोस खोऱ्यात वाटेल त्याने म्हणायचं नसतं. तो मान कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाचा. मेपलचा रस आटवून पाक करायच्या आमच्या साखरघरात पस्तीस वर्षं ते बाबा म्हणत आले. यंदा मात्र एप्रिल अर्धा सरला, मेपलच्या फांद्यांवर कळ्या फुगल्या, तरी ते तोंड उघडेनात.

झाडाला कळी धरली की रस बिघडतो. दिसायला तसाच, पाण्यासारखा स्वच्छ. चाळीस बादल्या आटवून एक बादली पाक करायला घ्यावा, तेव्हा कुठे वाफेत त्याचं खरं रूप कळतं.

त्या दुपारी मी भट्टीत लाकडं सारत होते. कढईतला फेस उसळला, वर दोरीने टांगलेल्या डुकराच्या चरबीला टेकला आणि मुकाट खाली बसला. तेवढ्यात वाफेचा भपकारा माझ्या तोंडावर आला. उकडलेला कोबी!

"बाबा, रसात कळी आलीय."

"आली बिली काही नाही. तू लाकडं घाल."

शेजारचे फिलेमोंकाका बाकावर बसून पाकात शिजवलेली अंडी खात होते. "काय गं देलिमा, बापाला शिकवतेस? या ओदिलोंच्या नाकावर अख्खं गाव पैज लावतं."

"मग गावाला सांगा, यंदा लावू नका म्हणावं."

मी फटकळ आहे, आणि माझ्या नाकाची मला पुरती खात्री आहे.

बाबांनी पळी बुडवून वर धरली. पाक काठावरून पडद्यासारखा सुटला, म्हणजे तयार झाला. ते पिंपाकडे वळले. त्यात अर्ध्या मोसमाचा सोनेरी पाक होता. ही घाण त्यात पडली असती तर सगळंच मातीमोल. त्यांनी झाकणाला हात घातला, तशी मी जाऊन झाकणावर बसले.

"ऊठ."

"नाही उठत."

"देलिमा, पस्तीस वर्षं मी..."

"पस्तीस वर्षं असा वास आला की पहिले तुम्ही ओरडायचात! आज काय झालंय?"

फिलेमोंकाका उठले, कढईवर वाकले, हुंगलं, आणि टोपी घालून घरी गेले.

बाबा कढईकडेच बघत होते. "डिसेंबरात ताप आला ना," ते म्हणाले, "तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. चवही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"भट्टीपासून उठवलं असतंत मला."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. सगळा मोसम या माणसाने नुसत्या डोळ्यांवर आणि उकळीच्या आवाजावर काढला होता, आणि आजवर एक थेंब वाया जाऊ दिला नव्हता. मला त्यांचा भयंकर अभिमान वाटला.

"कोण उठवतंय तुम्हाला? डोळे तुमचे, नाक माझं. पुढच्या वर्षीही असंच."

मी भट्टी विझवली आणि कढईची तोटी उघडली. बिघडलेला पाक बाहेर बर्फात पसरला.

"संपला मोसम," बाबा म्हणाले आणि बाकावर टेकले. मग हळूच विचारलं, "पोरी, यंदाच्या पहिल्या पाकाला वास कसा होता गं?"

मला कधी शब्द शोधावे लागत नाहीत. त्या दिवशी लागले. मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि त्यांना सांगत राहिले.