उसवलेली अक्षरं

नारळ घ्यायचा तर कानाशी धरून हलवावा. लंडनमधल्या ईलिंग रोडवरच्या दुकानात तशी मुभा आहे. सुपरमार्केटमध्ये लोक बघत राहतात.

वेल्समधल्या न्यूपोर्टात त्या काळी शनिवारी फुटबॉलची मैदानं पुरुषांची असत. बायकांना रविवार, तोही पुरुषांनी चिखल करून ठेवल्यावर.

काळजीवाहू मुख्यमंत्री नवे निर्णय घेत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला की सुई बंद. टाका घालणं चालत नाही, उसवणंही चालत नाही.

वेल्सच्या संघाचा हिवाळी कोट गुडघ्याखाली येतो. डाव्या छातीवर ड्रॅगन. उजव्या छातीवर, घालणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं.

*

"कोणाचं उसवलंय हे?" सिप्पोरानं विचारलं.

तिचा अंगठा लेकीच्या कोटावर, उजव्या छातीशी थांबला होता. वयानं डोळे असे झाले होते की समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, कडा तेवढ्या शाबूत. पण लोकांचे कपडे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या बाईचा अंगठा तो. मिठी मारता मारता त्याला भोकं सापडली. बारीक, ओळीनं, दोन अक्षरांएवढी.

"रिस मॅडॉकचं," हॅनाह म्हणाली. "आधीचा मॅनेजर. त्याला जानेवारीत काढला ना."

"आणि त्याचा कोट तुला?"

"साइझ सेम आहे, आई."

"मेलेल्या माणसाचा पण सेम असतो साइझ. म्हणून कोणी घालतं?" सिप्पोरानं कापड उलटं करून चाचपलं. "आणि उसवलंय तरी कसं. उलट्या बाजूनं टाके कापावेत, मग पुढून धागा ओढावा. यानं पुढूनच खुपसलंय. घिसाडघाई नुसती."

हॅनाह झिराडकर हसली. वेल्सच्या महिला फुटबॉल संघाची ती मॅनेजर. खरं तर काळजीवाहू मॅनेजर, आणि तेही तिसऱ्यांदा. संघटनेनं बाहेरून एखादा पुरुष आणायचा, तो फसायचा, मग हॅनाहला फोन यायचा: झेड, तेवढं सांभाळ. झिराडकर हे नाव वेल्श जिभेवर बसत नाही, म्हणून झेड. बुडतं गलबत तिनं किनाऱ्याला लावावं, तर धक्क्यावर नवा कप्तान हजर. काळजीवाहूच्या नावानं कोट मागवत नाहीत. त्यामुळे दर खेपेला तिच्या वाट्याला आधीच्याचाच, उसवलेला.

या खेपेची गोष्ट वेगळी होती. कायमच्या जागेसाठी तिनं पहिल्यांदाच अर्ज केला होता, मुलाखत दिली होती. निकाल आजच्या सामन्यानंतर लागायचा होता. आज, शुक्रवारी संध्याकाळी इंग्लंडशी गाठ होती, आणि त्या स्टेडियमची कमान सिप्पोराच्या वेम्बलीतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. संघाचं हॉटेलही चालत जाण्याएवढं. म्हणून सकाळीच ती आईला भेटायला आली होती.

"सोमवारी माझा नवा कोट येणार, आई. हा फक्त आजच्यापुरता."

"येऊ दे. मी तयारीत आहे."

ओट्यावर पोहे, गूळ आणि नारळ मांडून ठेवले होते. सिप्पोरानं एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला होता. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, घरात नवस असाच फेडतात: गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि ताटापुढे प्रेषिताचं नाव. पोरीला जागा मिळू दे, रविवारी ताट मांडते. नारळ तिनं स्वतः जाऊन, हलवून आणला होता.

*

रविवारमुळेच तर सगळं झालं.

"शनिवारी खेळायचं नाही," हाईम म्हणाला होता. हॅनाहचा बाप, तेव्हा न्यूपोर्टच्या पोलाद कारखान्यात कामाला.

"शनिवारी आम्हाला मैदान देतच नाहीत, पप्पा."

मुलींना हिणवून जो दिवस दिला होता, तोच त्या गावातल्या एका ज्यू पोरीला मोकळा होता.

पुढं लीड्स. आठवडाभर इस्पितळात रुग्णांच्या ट्रॉल्या ढकलायच्या, रविवारी उजव्या बगलेवरून धावायचं. वेल्ससाठी खेळायचं ते स्वतःच्या रजेवर, स्वतःच्या तिकिटानं. एकदा रात्रभराचा बसप्रवास करून ती कार्डिफला पोचली, तर क्लबहाउसच्या दारावर संघ लावलेला होता आणि त्यात ती नव्हती. आदल्या दिवशी कोणी फोन केला नव्हता. दारातही कोणी थांबलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिनं ठरवलं: आपण कधी मॅनेजर झालो, तर जिला वगळायचं तिला आधी सांगायचं, समोर बसून, आपल्या तोंडानं.

हा नियम तिनं पाळला. लीड्समधला एक बायकांचा क्लब तिनं बागेतल्या गवतावरून वरच्या लीगमध्ये नेला. वर गेल्यावर एका मोठ्या पुरुषांच्या क्लबनं तो आपल्यात घेतला. नाव बदललं, रंग बदलले. एका सकाळी गेटवर हॅनाहचं कार्ड चाललं नाही. आपल्याला काढलंय, हे तिला असं कळलं.

*

"सिप्पोरामावशी, टीव्ही लावायचाय ना?" शेजारची नीना आत आली. मूळची पुण्याची, घरून काम करणारी.

शुक्रवारी सामना असला की सिप्पोरा टीव्ही सकाळीच लावून ठेवते. दिवे लावल्यावर बटणाला हात लावायचा नाही, पण आधीपासून चालू असलेल्याला कोण काय म्हणणार? मागच्या खेपेला चॅनल चुकलं होतं आणि समोर स्नूकर सुरू झालं. शब्बाथला दुसऱ्याला काम सांगता येत नाही, सुचवता येतं. "नीना, हिरवं आहे गं, पण पळत कोणी नाही," एवढंच सिप्पोरा म्हणाली होती. नीनाला ते उत्तरार्धात समजलं.

"आज मी एकदम डबल चेक करणार," नीना म्हणाली. "हॅनाहताई, ऑल द बेस्ट हं. आम्ही दोघी हिअर ओन्ली." चॅनल लागलं. खाली बातम्यांची पट्टी सरकत होती आणि नीना सवयीनं मोठ्यानं वाचत गेली. "वेल्स विमेन... न्यू मॅनेजर... स्टुअर्ट हॅलम... अरे, हे कोण?"

वाचून झाल्यावर तिला अर्थ लागला.

पडद्यावर हॅलम हसत होता. पुरुषांच्या खालच्या लीगमधला, दोन क्लबांनी काढून टाकलेला. हॅनाहला त्याचा चेहरा दिसलाच नाही. तिला दिसला कोट. लांब, काळा, नवा. उजव्या छातीवर एस. एच., पांढऱ्या चकचकीत धाग्यात.

संघाचे कपडे असे रात्रीत तयार होत नाहीत. ऑर्डर जाते, कंपनीकडे भरतकाम होतं, मग खोकी येतात. तिची मुलाखत मागच्या गुरुवारी झाली होती. तो कोट त्याच्या आधीचा होता.

"काय दाखवतायत?" सिप्पोरानं विचारलं. "मला मधलं दिसत नाही."

"दुसऱ्याला दिलं, आई."

सिप्पोराचं तोंड ओट्याकडे वळलं.

"आता मी एलियाहू हन्नाबीला काय सांगू? काळजीवाहू मलिदा घे?"

सिप्पोरानं शिवणाचा डबा पुढं ओढला. "आण तो कोट. दिवे लावायला वेळ आहे अजून. दोन अक्षरं काय, अख्खं नाव घालते."

"नको."

"नको काय? आण इकडे."

"तू शिवलंस की छान दिसणार. मग त्यांनी काय केलं ते दिसणारच नाही."

"मग असाच घालणार?"

"असाच."

दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला, पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून हॅनाह ती ओठांना लावायची, नेहमीची सवय. आज ती तशीच निघाली, आणि जिन्यावरून परत येऊन लावून गेली.

*

संघटनेचा प्रमुख ॲलन प्रोथेरो हॉटेलच्या लॉबीत वाटच बघत होता.

"झेड, बातमी फुटली. असं व्हायला नको होतं."

"काय नको होतं? फुटायला, की असायला?"

"तू आमच्या कुटुंबातली आहेस. हे बदलणार नाही."

"म्हणून जुने कपडे मला."

त्याला ते कळलं नाही. "मुलींना सामना संपेपर्यंत काही बोलू नकोस. हवं तर त्यांचे फोन काढून घेऊ."

"मुलाखत कशाला घेतलीत, ॲलन?"

"प्रक्रिया असते एक."

"प्रक्रियेनं मला पाणी दिलं, बिस्किट दिलं आणि विचारलं, पुढची चार वर्षं हा संघ कसा बांधशील. मी सगळं सांगितलं. कोण कुठं खेळावी, कोणाचा गुडघा जपावा, खालून कोणती पोर वर आणावी. तुमचा एक जण भराभर लिहून घेत होता. ते आता हॅलमला देणार?"

प्रोथेरोनं घड्याळाकडे बघितलं. "हे बघ, तुझ्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता."

"तू माझ्या जागी कधीच नसतास. तुला कोट मिळाला असता."

"झेड, आज शोभेसं वागू या, एवढंच म्हणतो."

तिसाव्या वर्षापासून ती शोभेसं वागत आली होती. शोभेसं वागणाऱ्या बाईला लोक दर वेळी तीच खुर्ची देतात, दाराजवळची. ती बैठकीच्या खोलीकडे वळली.

*

मुली खुर्च्यांवर बसल्या होत्या. काहींनी फोन उलटे ठेवले होते, म्हणजे त्यांना कळलं होतं.

"जिला वगळतो तिला आधी सांगायचं, हा आपला नियम," हॅनाह म्हणाली. "आज वगळलेली मी आहे. मला टीव्हीनं सांगितलं. तुम्हाला मी सांगते. हा माझा शेवटचा सामना."

"मग आम्ही खेळत नाही," कॅप्टन कॅरिस म्हणाली.

"खेळायचं."

"का?"

"कारण तुमच्या आया बस करून निघाल्यात. स्वॉन्सीवरून, रेक्सहॅमवरून. त्यांनी काय केलंय?"

"मग आम्ही काय करायचं, झेड? टाळ्या वाजवायच्या?"

"त्यांची लेफ्ट बॅक फार वर चढते. तिच्या मागं जागा सुटते. ती जागा वापरायची." तिनं फळ्यावर बाण काढला. बाण काढताना हात स्थिर होता, याचाच तिला राग आला.

बाहेर डाय उभा होता. संघाचे कपडे सांभाळणारा, म्हातारा, खाली बघणारा.

"ते मीच उसवलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. पुढून खुपसलंस. माझ्या आईला सापडलं."

"हॅलमचा कोट मार्चमध्येच आला होता, झेड. मी मागच्या खोक्यात ठेवला."

"मला सांगता आलं असतं."

"आलं असतं."

तो तिथंच घुटमळत राहिला. "मग नीट कसं उसवायचं?"

"उलट्या बाजूनं टाके कापायचे. मग पुढून धागा ओढायचा." ती वैतागली. "आता कशाला हवंय तुला?"

"काम आहे," डाय म्हणाला आणि कपड्यांच्या खोलीकडे गेला. कॅरिस त्याच्यामागं गेली. मग गोलकीपर. हॅनाहनं लक्ष दिलं नाही. तिला प्रेसला सामोरं जायचं होतं, आणि तिथं सगळ्यांना एकच विचारायचं होतं: कसं वाटतंय?

*

सराव करायला संघ मैदानावर आला तेव्हा स्टेडियम भरत आलं होतं. हॅनाह टचलाइनवर होती, काळ्या कोटात. धावण्याआधी कॅरिस तिच्याकडे आली आणि तिनं तिला घट्ट मिठी मारली. हॅनाहचा अंगठा कॅरिसच्या उजव्या छातीशी गेला आणि थांबला.

बारीक भोकं. ओळीनं.

ती पुढच्या मुलीकडे गेली. तिथंही तेच. गोलकीपरनं बहुतेक नखं कापायच्या कात्रीनं उसवलं होतं, कापडाला चीरच पडली होती. एकीचा पांढरा धागा अजून लोंबत होता. फिजिओच्या जॅकेटवर अक्षरं नव्हती. बाकड्याशी बाटल्या लावत असलेल्या डायच्या जॅकेटवरही नव्हती.

"कोणी सांगितलं हे?" हॅनाहनं विचारलं.

"कोणी नाही," कॅरिस म्हणाली. "तू म्हणालीस खेळा. खेळतोय."

एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये ते कोणालाही दिसलं नाही. कॅमेरा त्यांच्यावरून फिरून गेला. समालोचकानं हॅलमच्या नेमणुकीवर दोन वाक्यं टाकली. वरच्या काचेच्या खोलीतून प्रोथेरोनं हात हलवला. हॅनाहनं वाकून तो लोंबता धागा दातानं तोडला आणि खिशात घातला.

वेल्स एका गोलानं हरलं. चेंडू आपल्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आत गेला.

नीना नंतर सांगत होती, चॅनल बरोबर लागलं होतं. दिवे लावून सिप्पोरा पूर्ण वेळ बसली होती. मधलं मैदान तिला दिसत नव्हतं. कडेला उभा असलेला काळा कोट दिसत होता.

हॅनाहच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या जर्सी मुलांच्या संघाकडून उसन्या आणल्या होत्या. पाठीवरचा आकडा घरी शिवायचा आणि नंतर उसवून, धुऊन जर्सी परत पाठवायची, असं सांगितलं होतं. सिप्पोरानं सात हा आकडा शिवला, सामन्यानंतर उसवला, जर्सी धुतली, इस्त्री केली आणि पोस्टानं कार्डिफला पाठवली. भोकं दिसत नव्हती.